दहावी-बारावीनंतर पुढे काय? किनवट-माहूरच्या बौद्ध विद्यार्थ्यांसाठी कागदपत्रे, अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्त्यांची माहिती

‘कोणता कोर्स घ्यावा?’ हा प्रश्न बारावीच्या निकालानंतर सगळ्याच घरांत विचारला जातो. किनवट, माहूर, इस्लापूर भागातल्या बौद्ध घरांत मात्र त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: कागद तयार आहेत का? गुण आहेत, हुशारी आहे, प्रवेश यादीत नावही आहे, पण जात वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून राखीव जागा हातची जाते. हे टाळता येते, मात्र त्यासाठी तयारी अकरावीत सुरू करावी लागते, बारावीच्या निकालानंतर नाही. म्हणून या लेखात आधी कागद, मग अभ्यासक्रम, मग पैसा आणि शेवटी विहार व कार्यकर्त्यांनी करण्याची कामे, असा क्रम ठेवला आहे.

मराठवाड्यातली शिक्षणाची वाट

निजामाच्या राज्यात मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतली आपली पहिली पदवीधर पिढी बहुतांशी नागसेनवनातूनच बाहेर पडली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७८ मध्ये नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड, परभणीसह मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांनी त्याची किंमत मोजली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. आज किनवटच्या मुलाला पदवीसाठी औरंगाबाद गाठावे लागत नाही. बळीराम पाटील महाविद्यालयात कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा आहेत. विद्यापीठाचे उत्तमराव राठोड आदिवासी विकास व संशोधन केंद्रही किनवटलाच आहे.

कॉलेज जवळ आले, पण कागदपत्रांचा घोळ तसाच राहिला. त्याचे कारण इतिहासात आहे.

१९५६ चे अठरा दिवस

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. म्हणजे या तारखेला किंवा त्याआधी आपले पूर्वज आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते आणि त्यांची जात कोणती होती, याचा पुरावा द्यावा लागतो.

१९५० मध्ये किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात नव्हता. तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. इस्लापूर मंडळ त्याच जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यात आला आणि नांदेडला जोडला गेला. आजचा माहूर तालुका पुढे किनवटमधूनच वेगळा झाला.

त्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या दिवसापासून आणि पुढच्या काळात गावोगावच्या आपल्या लोकांनी शाळेच्या रजिस्टरात ‘बौद्ध’ लिहायला सुरुवात केली.

त्यामुळे अनेक घरांच्या कागदांवर असे चित्र दिसते: आजोबांच्या नोंदीत जात ‘महार’ आणि जिल्हा ‘आदिलाबाद’, वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आणि जिल्हा ‘नांदेड’. सेतू केंद्रात कुणी म्हणते, ‘हे तर तेलंगणाचे कागद आहेत’, आणि पालक माघारी फिरतात. माघारी फिरण्याचे कारण नाही. गाव जागेवरच आहे, सरहद्द हलली. १९५० मध्ये आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि आज किनवट तालुक्यात असलेले गाव महाराष्ट्राचेच आहे, तिथले कुटुंब स्थलांतरित ठरत नाही. अर्जासोबत गावाचे नाव, १९५० मधला तालुका-जिल्हा आणि आजचा तालुका-जिल्हा अशी स्पष्ट नोंद शपथपत्रात लिहून द्यावी. लातूर जिल्ह्यातल्या उदगीर, अहमदपूर, निलंगा भागातल्या विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. ते तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते.

जे कुटुंब १९५० नंतर खरोखरच आजच्या तेलंगणातल्या गावाहून इकडे राहायला आले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा दाखला वडिलांच्या मूळ गावाच्या राज्यातून निघतो आणि महाराष्ट्राच्या राखीव जागांसाठी तो चालत नाही. सीमेवर सोयरिकी दोन्हीकडे असतात, पण जात आणि मूळ गाव वडिलांच्या बाजूने पाहिले जाते. आई आदिलाबादची आहे म्हणून मुलाचा हक्क जात नाही.

जुना पुरावा कुठे शोधायचा?

- शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. आजोबा, चुलत आजोबा, वडिलांची आत्या, यांपैकी कुणीही एक इयत्ता जरी शिकले असेल तर तिथे नोंद सापडू शकते.
- गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागावी.
- जमिनीचे कागद: सेतवार, १९५४-५५ चे खासरा पत्रक, वतन किंवा इनाम जमिनीची नोंद. खासरा पत्रक १९५० नंतरचे असले तरी पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडते.
- कुटुंबातल्या नोकरदाराच्या सेवापुस्तकाचा उतारा.

निजामकाळातल्या नोंदी उर्दूत असतात, काही मोडीत असतात. त्यांचे अधिकृत भाषांतर जोडावे लागते. भूमिहीन आणि निरक्षर घरात जुना कागद नसणे ही लाजेची गोष्ट नाही. ज्यांना शाळा आणि जमीन नाकारली, त्यांचा कागद कुठून असणार? अशा वेळी भावकीतल्या नोंदी गोळा कराव्यात आणि वंशावळीचे शपथपत्र नीट करावे. पुरावा अपुरा वाटला तर पडताळणी समिती दक्षता पथकामार्फत गृहचौकशी करू शकते.

‘बौद्ध’ आणि ‘महार’: दाखल्याचे दोन नमुने

या मुद्द्यावर तरुणांमध्ये भावनिक वाद होतो. तो बाजूला ठेवून आधी कायदा समजून घेऊ.

महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्यातल्या सवलती आधीच दिल्या होत्या. केंद्रात मात्र त्या १९९० मध्ये मिळाल्या. त्या वर्षी अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात दुरुस्ती होऊन हिंदू आणि शीख यांच्याबरोबर बौद्ध धर्माचा समावेश झाला. राज्यात ‘अनुसूचित जातीतून धर्मांतरित बौद्ध’ असा दाखला मिळतो आणि तो राज्याच्या प्रवेशांना व नोकऱ्यांना चालतो. केंद्राच्या नमुन्यात मात्र १९५० च्या आदेशातल्या जातीचे नाव असावे लागते. महाराष्ट्राच्या यादीत महार, मेहरा, तराळ ही नोंद ३७ व्या क्रमांकावर आहे.

म्हणजे रेल्वे, बँका, केंद्रीय पोलीस दले, आयआयटी, एम्स, केंद्रीय विद्यापीठे आणि यूपीएससी यांच्यासाठी धर्म ‘बौद्ध’ आणि जात ‘महार’ असा केंद्रीय नमुन्यातला दाखला लागतो. केवळ ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला तिथे अडतो. जातीचे नाव कागदावर आल्याने धम्म सुटत नाही, कारण धर्माच्या रकान्यात बौद्धच राहतो. संविधानाने ज्या अन्यायाची भरपाई म्हणून राखीव जागा दिल्या, त्या अन्यायाचे नाव तेवढे त्या कागदावर असते. दोन्ही नमुने काढून ठेवावेत. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि केंद्रात १५ टक्के आरक्षण आहे. एकच कागद काढणारा विद्यार्थी यातल्या एका दारालाच हात घालतो.

पडताळणी: अकरावीतच अर्ज

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो. त्यासाठी सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करायचा असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवेला ठरलेली मुदत आहे. मुदत उलटली तर अपील करता येते. त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवावी.

दाखला म्हणजे वैधता नव्हे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कृषी, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नांदेडच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. जमातीच्या दाखल्यांची वेगळी तपासणी समिती आहे. ती आदिवासी बांधवांसाठी असल्याने तिथे आपला अर्ज चालत नाही. समितीकडे अर्ज ऑनलाइन करायचा, सोबत कॉलेजचे पत्र आणि मूळ कागद. वडील, काका, आत्या, सख्खे किंवा चुलत भाऊ-बहीण यांपैकी कुणाकडे आधीचे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जरूर जोडावी. प्रकरण पुष्कळ सोपे होते.

मुदतीत वैधता दिली नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होऊ शकतो किंवा विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गात जावे लागते. शासनाने काही वर्षी मुदतवाढ दिली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. आणखी एक: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. कुणी मागितले तर आधी नियम दाखवायला सांगावे.

दहावीनंतरचे चार रस्ते

अकरावी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन होतात. किनवटच्या कॉलेजसाठीही अर्ज आणि पसंतीक्रम भरावा लागतो.

आयटीआय. किनवटला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वीजतंत्री, जोडारी यांसारखे दोन वर्षांचे व्यवसाय घेतले की शिकाऊ उमेदवारी, रेल्वेतली तंत्रज्ञ व सहायक लोको पायलटची भरती, महावितरण आणि एसटी अशी दारे उघडतात. पुढे शिकायचे असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआय म्हणजे नापासांची जागा, हा समज आता टाकून द्यायला हवा.

पॉलिटेक्निक. नांदेडला शासकीय तंत्रनिकेतन, लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. घरी बारावी विज्ञानाच्या क्लासचा खर्च झेपत नसेल तर इंजिनीअर होण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

कृषी पदविका. शेती असलेल्या किंवा कृषी सेवा केंद्र काढू पाहणाऱ्या मुलांसाठी. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून या भागाला सेवा देत आहे.

बारावी विज्ञान: लातूरचा हिशेब

‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातून हजारो डॉक्टर घडवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशातले ७०:३० चे प्रादेशिक सूत्र रद्द झाल्यावर मराठवाड्याच्या मुलांना सगळ्या राज्यातल्या जागा खुल्या झाल्या. पण या यशामागे न दिसणारे एक दुःखही आहे: गाई-म्हशी विकून लातूरला पाठवलेला मुलगा नीट एकदा देतो, दोनदा देतो, तिसऱ्यांदाही देतो, आणि विशीत पोचतो तेव्हा हातात बारावीशिवाय काही नसते.

म्हणून विज्ञान घेताना घरात बसून तीन गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, नीटसोबत एमएचटी-सीईटीचा अर्जही भरायचा. जीवशास्त्र गटातून बी.फार्मसी आणि बी.एस्सी. कृषी हे सीईटीवर होतात. बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र सीईटी असते. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा प्रवेश मात्र नीटच्या गुणांवर होतो. एमबीबीएस हुकले म्हणून तो पर्याय विसरू नये. दुसरी, पुन्हा परीक्षा देण्याची मर्यादा आधीच ठरवायची: एकच वर्ष, आणि तेही गुण खरोखर जवळपास आले असतील तरच. त्या वर्षात पदवीला प्रवेश घेऊन ठेवता येत असेल तर घ्यावा. तिसरी, गणितात गती असेल तर केवळ प्रतिष्ठेसाठी जीवशास्त्र घ्यायचे नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून चालणारी श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था ही राज्यातल्या नामवंत संस्थांपैकी आहे. तिथे घरापासून फार दूर न जाता शिकता येते.

खासगी क्लासच्या आधी बार्टीची चौकशी करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे ही राज्य शासनाची स्वायत्त संस्था अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेश परीक्षांचे आणि स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देते. तिच्या जाहिराती ठरावीक दिवसच खुल्या असतात. तालुक्यात कुणीतरी त्यांच्यावर नजर ठेवायला हवी.

कला आणि वाणिज्य: दुय्यम नव्हे

बाबासाहेब १९१२ मध्ये बी.ए. झाले आणि पुढे त्यांनी अर्थशास्त्र व कायद्याचे शिक्षण घेतले. आपल्याच समाजात कला शाखेकडे उरलीसुरली म्हणून पाहणे म्हणूनच खटकते.

कला शाखेतून पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच करता येतो. त्यासाठी राज्याची विधी सीईटी असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट असते आणि ती अलीकडे बारावीच्या वर्षातच, डिसेंबरमध्ये होते. निकालानंतर चौकशी करणाऱ्यांची ती म्हणूनच हुकते. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ औरंगाबादला २०१७ पासून आहे. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांत, गायरान जमिनीच्या दाव्यांत तालुका न्यायालयात उभा राहणारा आपला वकील किती गरजेचा आहे, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटीवर होतात. तिथे राज्याच्या रहिवासाची अट नसते. किनवटहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ आहे. हैदराबाद विद्यापीठ, इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ या संस्थांचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही, तो व्हावा. इथे मागे सांगितलेला केंद्रीय नमुन्यातला दाखला लागतो.

पाली भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. छत्रपती संभाजीनगर, मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विद्यापीठांत पालीचे शिक्षण मिळते. ओढ असेल तर पाली जरूर शिकावी. मात्र या विषयात नोकऱ्या थोड्या असल्याने पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा सेटची तयारी आणि जोडीला इतिहास किंवा इंग्रजीचा आधार ठेवावा.

वाणिज्य शाखेतल्या विद्यार्थ्याने पदवीसोबत बँकांच्या परीक्षा, टॅली आणि जीएसटीचे काम शिकावे. तालुक्याच्या बाजारपेठेत या कामाला माणसे लागतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी मिळते. मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. लग्न किंवा घरच्या अडचणीमुळे ज्या मुलींचे शिक्षण मध्येच थांबते, त्यांना पुन्हा येण्याची वाट यामुळे उरते. काम करत शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

पहाटे मैदानावर धावणारी मुले-मुली किनवटला भरपूर आहेत. त्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. उंची मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर. अनुसूचित जातीसाठी कमाल वय ३३. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची, म्हणजे केवळ धावून भागत नाही. अग्निवीर भरतीत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीच्यांना परत येऊन दुसरे काम शोधावे लागते, हे लक्षात ठेवूनच जावे. वनरक्षकाच्या पदासाठी बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. कला शाखेत भूगोल किंवा अर्थशास्त्र न घेतल्याने जंगलाच्या कडेला वाढलेल्या मुलाचा अर्जच बाद होतो. अकरावीत विषय निवडतानाच ही काळजी घ्यावी.

किनवट-माहूरमधली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथली तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक यांसारखी ठरावीक पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवण्याच्या राज्यपालांच्या अधिसूचना आहेत. तो गोंड, कोलाम, आंध बांधवांचा हक्क आहे, त्याबद्दल कटुता नको. आपण मात्र जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांच्या आणि राज्य-केंद्राच्या जागांचा हिशेब धरून अर्ज करावेत.

पदवी पूर्ण केल्याशिवाय स्पर्धा परीक्षेत उडी घेऊ नये. एमपीएससीची राज्यसेवा आणि यूपीएससी दोन्हींना पदवी लागतेच. यूपीएससीत अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येते. या सवलतीचा अर्थ दहा वर्षे पुण्यात अभ्यासिकेत काढणे असा घेऊ नये. तोवर हाताशी एखादी नोकरी असावी.

पैसा कुठून?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तीच आज आपल्याला महाडीबीटीवर ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ या नावाने मिळते.

- भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार आणि वसतिगृहात राहता की घरी यानुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये. रक्कम आधार जोडलेल्या खात्यात थेट येते. त्यातला शुल्काचा भाग कॉलेजला भरायचा असतो, हे घरात आधीच सांगून ठेवावे. ते पैसे खर्च झाले तर परीक्षेच्या तोंडावर अडचण येते.
- फ्रीशिप: उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत.
- राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती: दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्यांना अकरावी-बारावीत महिन्याला ३०० रुपये, दहा महिने.
- शासकीय वसतिगृह: समाजकल्याण विभागाची मुला-मुलींची स्वतंत्र वसतिगृहे. राहणे-जेवण मोफत. प्रवेशाची पहिली पसंती इथेच द्यावी, विशेषतः मुलींसाठी.
- स्वाधार योजना: वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी थेट रक्कम. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, नांदेड-लातूरसारख्या महापालिका क्षेत्रांत ५१ हजार. गुण, उत्पन्न, हजेरी यांच्या अटी आहेत आणि कॉलेज राहत्या गावाबाहेर असावे लागते. रक्कम हप्त्यांनी येते, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांची सोय हाताशी ठेवावी.
- राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती: राज्यातल्या अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशात पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून इंग्रजीची तयारी केली तर किनवटच्या मुलालाही हे अशक्य नाही.
- महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ: शैक्षणिक कर्ज आणि व्यवसाय कर्जाच्या योजना.

किनवटचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपले काम नांदेडच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयात होते. सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एकाच्या कामासाठी चार जणांनी खेटे घालण्यापेक्षा चार जणांची कामे एकाने घेऊन जावे.

वर्षाचे वेळापत्रक

*दहावीचा निकाल ते अकरावीची दिवाळी:* जातीचा दाखला दोन्ही नमुन्यांत, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव एकसारखे, आधार जोडलेले बँक खाते. जुन्या नोंदींचा शोध.

*अकरावीची दिवाळी ते मे:* विज्ञान शाखेतल्यांचा पडताळणीचा अर्ज. महाडीबीटीचा अर्ज पहिल्या वर्षापासून, नंतर दरवर्षी नूतनीकरण.

*बारावीचा जुलै ते डिसेंबर:* क्लॅटचा अर्ज आणि परीक्षा, जेईईचा अर्ज.

*बारावीचा जानेवारी ते मार्च:* नीट, एमएचटी-सीईटी, विधी सीईटी, नर्सिंग सीईटी, सीयूईटीचे अर्ज. बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत हेच अर्ज राहून जातात.

*मे ते ऑगस्ट:* नवीन उत्पन्नाचा दाखला, पसंतीक्रम, वसतिगृहाचा अर्ज आणि तिथे जागा नसल्यास स्वाधार.

विहार आणि कार्यकर्त्यांसाठी

या लेखातली निम्मी कामे एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाहीत. वडील मजुरीला जातात, आईला सेतूची खिडकी ठाऊक नसते, मुलगा पहिल्यांदाच फॉर्म भरत असतो. इथे संघटनेने हात द्यायला हवा.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात रोज माणसे जमतात आणि नेमका हाच काळ प्रवेशांचा व शिष्यवृत्तीच्या अर्जांचा असतो. ग्रंथवाचनानंतर अर्धा तास कागदपत्रांसाठी ठेवता येईल. प्रत्येक विहारात तीन वह्या असाव्यात. पहिलीत गावातल्या अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव आणि कोणता कागद बाकी आहे याची नोंद. दुसरीत भावकीनिहाय नोंद, म्हणजे कुणाकडे वैधता प्रमाणपत्र आहे आणि कुणाच्या आजोबांची १९५० पूर्वीची नोंद सापडली आहे. एका घरात सापडलेला उतारा चार चुलत घरांच्या मुलांना उपयोगी पडतो. तिसरीत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांची, पडताळणीचा अनुभव असलेल्या शिक्षकांची आणि वकिलांची नावे.

भीमजयंतीच्या वर्गणीतला एक ठरलेला हिस्सा प्रवेश परीक्षांच्या शुल्कासाठी आणि नांदेडच्या प्रवासासाठी बाजूला काढला तर मिरवणुकीची शोभा कमी होणार नाही. एका डीजेच्या भाड्यात गावातल्या अनेक मुलांचे परीक्षा अर्ज भरून होतात. हे हिशेब जयंती मंडळाच्या बैठकीत उघडपणे मांडायला हवेत.

आणि मुलींबद्दल: बारावीनंतर ‘जवळ कॉलेज नाही’ हे लग्न लावण्याचे कारण सांगितले जाते. किनवटला पदवीचे कॉलेज आहे, नांदेडला वसतिगृह आहे, स्वाधार आहे. हे त्या आई-वडिलांच्या घरी जाऊन सांगण्याचे काम महिला मंडळाइतके नीट कुणालाच जमत नाही.

या वर्षी अकरावीत गेलेल्या मुला-मुलींची यादी कोणत्याही गावात एका संध्याकाळी तयार होते. ती करून पहिल्या पाच जणांचे अर्ज येत्या पौर्णिमेच्या आत सेतूवर दाखल करा आणि पोच पावत्या विहारातल्या वहीत चिकटवा.

जय भीम, नमो बुद्धाय.